तौनोच्या लपणातली सकाळ

बार उडणार तेवढ्यात तौनोने रिमोटचं बटण दाबलं. पडद्यावरचा शिकारी गालाला रायफल लावून तसाच थांबला, समोरचं हरीण एक पाय उचलून उभं राहिलं. तौनोने चित्र मागे नेलं, पार मागे, जिथे अजून अंधार होता आणि कुणीतरी थर्मासचं झाकण काढत होतं.

"बाबा, किती वेळा तेच," स्वयंपाकघरातून हेल्मी म्हणाली. "मारू दे की त्याला एकदाचं."

"मारतोच तो. त्यात बघायचं काय?"

हेल्मी त्याची मुलगी. यंदा शिकारीच्या मोसमात बापाकडे राहायला आली होती, कारण बापाला एकटं ठेवण्यासारखी परिस्थिती उरली नव्हती. उन्हाळ्यात तो न्हाणीघरात घसरला आणि कंबरेचं हाड मोडून बसला. हाड जुळलं, पण पाय काही पूर्वीसारखा चालेना, आणि त्या गडबडीत हृदयानेही आपली जुनी कुरकुर वर काढली. डॉक्टरांनी रान बंद केलं. मिसरूड फुटायच्या आधीपासून नोव्हेंबरचा हा पंधरवडा तौनोने कधी घरात काढला नव्हता. हेल्मीच्या जन्माच्या वेळीसुद्धा तो रानातल्या शिकारीच्या कॅम्पवरच होता, आणि बायकोने ते त्याला मरेपर्यंत ऐकवलं.

आता सगळे पुरुष तिकडे होते. धाकटा भाऊ रुडी, शेजारपाजारचे चार म्हातारे, आणि हेल्मीचा नवरा डॅरल. तौनो खुर्चीत होता, मांडीवर घोंगडी घेऊन, आणि दिवसभर शिकारीचे व्हिडिओ बघत होता.

बघत होता म्हणजे त्यांच्याशी भांडतच होता. एकात संगीत असं की लग्नाची वरात निघाली आहे. दुसऱ्यात हरीण पडलं की दोन धटिंगण एकमेकांच्या गळ्यात पडून बोंबलतात. तिसऱ्यात बर्फ पडायला लागतो न लागतो, तोच हरीण समोर हजर. अरे, मधली सकाळ कुठे गेली? जणू रानाला नोकरीवर ठेवलंय, हाक मारली की यायला. त्याला एकच माणूस पसंत होता, कुठल्या तरी दुसऱ्या राज्यातला, चेहरासुद्धा धड दिसत नसे. तो अंधारात बसायचा, स्वतःशी पुटपुटायचा, खोकला आला की रानाची माफी मागायचा. बहुतेक वेळा काहीच यायचं नाही. मग "चला, घरी," म्हणायचा आणि कॅमेरा बंद करायचा. ते बघताना तौनोचे खांदे सैल पडत. हेल्मीला वाटे, बापाला डुलकी लागली. पण त्याचे डोळे टक्क उघडे असत.

खरं सांगायचं तर त्याला शिकार नकोच होती. त्याला आपलं लपण हवं होतं. नाल्याच्या अलीकडे, दलदलीच्या तोंडाशी त्याने स्वतः ठोकलेली प्लायवूडची खोली, एक माणूस कसाबसा मावेल एवढी. पुढे खिडकी, पायाशी गॅसची छोटी शेगडी. तिथे उजाडताना काय काय होतं, ते त्याला एकदा बघायचं होतं. या इच्छेने त्याचा जीव इतका कासावीस होई की कधीकधी त्याला स्वतःचीच लाज वाटे.

म्हणून कॅम्पवर निघताना त्याने जावयाला बोलावून सांगितलं होतं. यंदा माझ्या लपणात तू बस. खिडकीच्या फळीवर कॅमेरा ठेव, अंधार असतानाच चालू कर, आणि मग त्याला हात लावू नकोस.

डॅरलने दोनदा "हो" म्हटलं होतं. त्याला त्या लपणात बसायला मिळणं हीच मोठी गोष्ट होती. तो होता पुलाखालचा. इथल्या लोकांच्या लेखी मॅकिनॉचा पूल ओलांडून दक्षिणेला गेलं की माणसं संपतात आणि पुलाखालचे लोक सुरू होतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी कॅम्पवर त्याची जागा मोरीपाशीच. भांडी घासायची, सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीची, भट्टी पेटवायची, म्हाताऱ्यांच्या त्याच त्या गोष्टींना हसायचं. तौनो त्याला चारचौघांत "जावईबापू" म्हणे आणि फावडं हातात देई.

मोसमाच्या दुसऱ्याच दिवशी रुडीचा फोन आला. हसण्यातून त्याला धड बोलता येत नव्हतं. तुझ्या जावयाने वाकड्या शिंगाचा नर घालवला, म्हणाला. अगदी समोर उभा होता रे, दगड मारला असता तरी लागला असता. शर्टाची शेव मी स्वतः कापली, मासे साफ करायच्या सुरीने.

ही तिथली जुनी रीत. ज्याची गोळी चुकेल त्याच्या शर्टाची मागची शेव, म्हणजे खालची कड, कापायची, तिच्यावर त्याचं नाव लिहायचं आणि कॅम्पच्या तुळईला ठोकायची. तौनोच्या तरुणपणीच्याही दोन-तीन शेवा तिथे लोंबत होत्या. शेव कापून घेणाऱ्याने हसायचं असतं, आणि डॅरल हसला, असं रुडीने सांगितलं.

तौनोने फोन ठेवला. त्या नराच्या मागे तो तीन हिवाळे होता. नराचं उजवं शिंग दरवर्षी गळून नवं येई आणि दरवर्षी वाकडंच येई. कधी झाडाआड दिसे, कधी पहिल्या उजेडाच्या जरासा आधी. नीट नेमात असा तो एकदाही सापडला नव्हता. डॅरलने तो घालवला याचं तौनोला वाईट वाटलं, आणि तो अजून जिवंत आहे याचं बरं वाटलं, आणि दोन्ही एकदम वाटल्यामुळे त्याने हेल्मीवर कॉफी पांचट झाली म्हणून खेकसून घेतलं.

रविवारी दुपारी डॅरल आला. कॅम्पसाठी हेल्मी करत असलेल्या पेस्ट्या न्यायच्या होत्या; मांस, बटाटा आणि सलगम भरलेल्या, एकेक तळहाताएवढी. नारिंगी जाकीट काढलं तेव्हा मागून शर्ट आखूड दिसला. हेल्मीने तिकडे पाहिलं आणि पुन्हा कणकेत हात घातला.

"तुमच्यासाठी करून आणलाय," डॅरल म्हणाला आणि त्याने टीव्हीला कॅमेरा जोडला.

एका गाण्याच्या लांबीचा व्हिडिओ होता. सूर्योदय, बर्फ, देवदाराची फळं कुरतडणारी खार, वर मंद गिटार. वाकड्या शिंगाचा नर नाही, बार नाही. कॅम्पवरच्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर बसून त्याने सगळं नीट कापून जोडलं होतं. तौनोने शेवटपर्यंत बघितलं. बिचाऱ्याने मेहनत घेतली होती, हे त्याला दिसत होतं, आणि म्हणूनच जास्त जड गेलं.

"कापून टाकलेलं कुठे आहे?"

"ते कॅमेऱ्यात आहे तसंच. पण त्यात काही नाही हो. नुसतं रिकामं."

"ते लाव."

डॅरलने जरा वेळ घेतला. मग लावलं, आणि सरपण फोडायला मागच्या अंगणात निघून गेला.

पडदा काळा होता. शेगडीची फस्स, नायलॉनच्या बाहीचा खसखसाट, एकदा नाक ओढल्याचा आवाज. तौनो खुर्चीत पुढे सरकला. हळूहळू काळ्यातून करडं निघालं आणि सगळ्यात आधी तो मोडक्या झाडाचा बुंधा दिसला, कारण त्या बाजूला आधी तोच दिसतो. विजेने पोखरलेला, माथ्यावर बर्फाची टोपी घेतलेला. मग बर्चची झाडं, मग दलदलीच्या काठचे देवदार. एका फांदीवरून बर्फ सटकला आणि फांदी वर उडाली. काळ्या टोपीचं एक चिमुकलं पाखरू खिडकीच्या चौकटीवर आलं, कॅमेऱ्याकडे तिरकं बघून गेलं. डॅरलच्या थर्मासचा आवाज झाला तसा तौनोने आपला कप उचलला. तो रिकामाच होता, तरी एक घोट घेतला. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसले नाहीत. हेल्मी दारात येऊन उभी राहिली होती, ती आवाज न करता परत गेली.

किती वेळ गेला कोण जाणे. मग देवदारांमधून तो आला.

वाकडं शिंग आधी दिसलं. दोन पावलं, थांबणं, पुन्हा दोन पावलं. मोकळ्या बर्फात येऊन तो आडवा उभा राहिला. पडद्याच्या कडेला रायफलच्या नळीचं टोक आलं आणि स्थिर झालं.

"आता," तौनो म्हणाला.

काही झालं नाही. नळी हलत नव्हती. चुकणाऱ्याची नळी हलते, तौनोला ते चांगलं माहीत होतं. नर नाकाने हवा घेत राहिला, मग नाल्याकडे वळून चालू लागला. नाल्यापलीकडे रुडीचं लपण होतं, आणि रुडी या वयातही चुकत नसे. नळी नराबरोबर थोडी सरकली. मग तिने नराला सोडलं, एकटीच उजवीकडे गेली आणि बुंध्यावर थांबली.

बार झाला. बुंध्याची बर्फाची टोपी उडाली. नर जागच्या जागी वळला, पांढरी शेपटी उभारून दलदलीत शिरला.

त्या मोसमात पहिल्यांदाच तौनोने एक बार पुन्हा मागे नेऊन बघितला. मग आणखी एकदा बघितला. मग टीव्ही बंद करून हेल्मीला म्हणाला, त्याला आत बोलाव.

डॅरल हातमोजे झटकत आला. बाहीला लाकडाचा भुसा लागला होता.

"बुंध्याने तुझं काय घोडं मारलं होतं?" तौनोने विचारलं.

डॅरल टीव्हीच्या काळ्या काचेकडे बघत राहिला. "बुंधा दिसतो त्यात?"

"माझा बुंधा आहे. मला दिसणारच."

"तो रुडीकाकांकडे चालला होता."

"तुझ्या नेमात होता की त्याआधी. केवढा वेळ होता."

"होता."

"मग?"

डॅरलने बाहीवरचा भुसा झटकला. तो कॅम्पवरसुद्धा कमीच बोलायचा, बोलायला कुणी जागा द्यायचं नाही.

"तुमचा आहे तो," तो म्हणाला. "म्हटलं, पुढच्या मोसमात पाय बरा झाला की तुम्ही याल. आलात आणि तोच नसला तर काय मजा."

स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं.

तौनोला आधी रागच आला. माझ्यासाठी हरीण राखून ठेवणारा हा कोण? आणि ते राखण्यासाठी साऱ्या कॅम्पसमोर शेव कापून घेतो, म्हाताऱ्यांच्या हसण्यात हसतो, इथे येऊन गिटार वाजवून दाखवतो. राग तोंडापर्यंत आला आणि तिथे त्याचं काही होईना. पुढच्या मोसमाचं सगळेच बोलत. डॉक्टर बोलत, हेल्मी बोले, रुडी फोन ठेवताना दर वेळी बोले, आणि तौनोही हो हो करी. त्यावर खरोखरचा विश्वास असलेला माणूस हा एकटाच निघाला. त्याच्या हाती आपण फावडं देत आलो, हे आठवून तौनोला फार खजील वाटलं.

"बस," तो म्हणाला.

डॅरल स्टुलावर टेकला.

"पुढच्या मोसमात मी इथेच असणार. याच खुर्चीत. त्याच्याही पुढच्या मोसमाचं ठाऊक नाही."

आत लाटणं पुन्हा सुरू झालं. एरवी अशा बोलण्यावर हेल्मी लगेच ओरडायची.

"तो नर झोपतो कुठे, ते मला माहीत आहे," तौनो म्हणाला. "गेल्या वर्षी सापडलं. रुडीला सांगितलं नाही. कुणालाच नाही. आता ऐक."

"मारू त्याला?"

"ते इथे बसून ठरत नाही. तिथे गेल्यावर तुझं तुला कळेल."

आणि तौनोने वाट सांगायला घेतली. गाडी फाटकाच्या अलीकडेच ठेवायची, दार आपटायचं नाही, नुसतं ढकलायचं. जुन्या रेल्वेच्या बांधावरून चालायचं, रूळ नाहीत पण बांध आहे. बीव्हरने झाडं पाडून अडवलेलं पाणी लागेल, त्याच्या वरच्या अंगाने जायचं. खालच्या अंगाला बर्फ पक्का दिसतो, पण नसतो. मग आडवा पडलेला बर्च. तो ओलांडायचा नाही, वळसा घालायचा, वाळल्या फांद्या मोडतात. बोलताना त्याने डोळे मिटले होते. घोंगडीखाली त्याचा चांगला पाय हलत होता, आणि मग दुसराही. पुढे देवदार दाट होतात, वाकून जावं लागतं. टोपी हातात घ्यायची. पाय टाकायचा, थांबायचं, ऐकायचं, मगच पुढचा पाय. मध्ये पाणथळ आहे, गवताच्या गड्ड्यांवरून जायचं, डावीकडून. आता चढ लागतो, अगदी थोडा, कळतसुद्धा नाही, पण श्वासाला कळतो.

त्याला धाप लागली होती. हेल्मी पाण्याचा पेला घेऊन दारात आली. त्याने डोळे न उघडताच हाताने तिला थांबवलं. डॅरल स्टुलावर पुढे झुकला होता आणि त्याने हातात आपली टोपी धरली होती.

"तो झोपतो ते टेकाड दिसतंय?" तौनोने विचारलं.

"दिसतंय," डॅरल म्हणाला.

तौनोने श्वास खाली बसू दिला.

"इथून पुढे तुझं तू जा," तो म्हणाला.