पाहुणीचं धपाटं

सोमवारी मुकादमाचा ट्रक राणीसावरगावला येणार होता आणि भुजंगच्या जोडीला कुणाचं नाव द्यायचं, एवढंच ठरायचं राहिलं होतं. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे दोन माणसं. बावीस वर्षं ते दुसरं माणूस भुजंगची बायको पार्वतीबाई होती. गेल्या हंगामात डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना ती पडली आणि कंबर कामातून गेली. आता उरली लेक, राजेश्री. तिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. सहा महिने तोडीला गेली की परीक्षा बुडाली, आणि उसाच्या फडात गेलेली पोर परत वर्गात आलेली त्यांच्या गल्लीत तरी कुणी पाहिली नव्हती.

सुटकेची वाट एकच होती. शनिवारी गंगाखेडला तिच्या कॉलेजात विद्यार्थ्यांचा उद्योजकता मेळावा होता. विद्यापीठाच्या एक मॅडम प्रत्येक टेबलावर जाणार, पोरं आपला माल त्यांना कसा विकतात ते पाहणार आणि एकाला निवडणार. निवडलेल्याला गंगाखेडातल्याच मसाल्याच्या कारखान्यात विक्रीचं काम, कॉलेज सांभाळून, महिन्याला पगार. भुजंगनं शब्द दिला होता की जागा मिळाली तर तोडीला कुणीच जायचं नाही, तो गावात मिळेल ते काम करील.

कॉलेजातल्या चंद्रभान सरांनी तिच्याकडून दोन महिने घोकून घेतलं होतं. भाव सांगताना मान खाली घालायची नाही. गिऱ्हाईक कितीही मोठं असलं तरी गिऱ्हाईकच. बोलायला काय जातं? सरांच्या घरी चहा पिऊन उठलेल्या पाहुण्यापुढं सर चहाच्या पैशांसाठी हात पसरत असतील, असं काही वाटत नाही.

शनिवारी पहाटे पार्वतीबाईनं भिंतीला पाठ लावून, कण्हत कण्हत ऐंशी धपाटी थापली. राजेश्रीनं ती पहिल्या एसटीनं नेली आणि दुपारपर्यंत पंच्याहत्तर विकली. वीस रुपयांना एक, वर शेंगदाण्याची चटणी. फौजदारालाही तिनं भाव सांगितला आणि मान खाली घातली नाही. पोरीला आशा वाटायला लागली. तिथंच घोळ झाला म्हणायचा, कारण आशा वाटली की माणूस जरा सैल होतं.

मॅडम आल्या तेव्हा उन्हानं पार सुकल्या होत्या. राजेश्रीनं आधी पाणी दिलं. मग खुर्ची दिली. मग धुतलेला पंचा अंथरून त्यावर धपाटं ठेवलं, चटणी वाढली, घरून स्वतःच्या जेवणासाठी आणलेलं दहीही पुढं सरकवलं. हे काही तिनं ठरवून केलं नाही. दारात आलेल्या माणसाला जसं करतात तसं हातानं आपोआप केलं. मॅडम जेवल्या. आई गेल्यापासून असं धपाटं खाल्लं नव्हतं, असं म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे जरासे भरले.

मग त्यांनी पर्स उघडली आणि किती झाले ते विचारलं.

वीस. एवढाच शब्द होता. सकाळपासून तो पंच्याहत्तर वेळा तोंडातून निघाला होता. मागं उभे राहून चंद्रभान सर दोन बोटं दाखवत होते. राजेश्रीला ट्रक दिसला, फळी दिसली, आईची कंबर दिसली. तरी जीभ उचलेना.

“राहू द्या मॅडम,” ती म्हणाली. “तुमी पाहुण्या.”

मॅडमनी पुन्हा विचारलं. बाई भली होती, तिसऱ्यांदाही विचारलं, आणि या वेळी प्रत्येक शब्द सावकाश उच्चारून. राजेश्रीची मान खाली गेली होती. मॅडमनी एक मोठा सुस्कारा सोडला आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

निवड शेजारच्या टेबलावरच्या हरिओमची झाली. त्यानं मॅडमना मोबाइलचं कव्हर विकलं आणि पिशवीचे पाच रुपये वेगळे घेतले. चंद्रभान सर राजेश्रीवर रागावलेसुद्धा नाहीत. त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं. एसटीत बसायला जागा होती, तरी ती गावापर्यंत उभीच राहिली.

घरी पार्वतीबाई भिंतीला टेकून वाटच पाहत होती. मॅडमनी खाल्लं का, हेच तिनं आधी विचारलं. खाल्लं, लय आवडलं, असं राजेश्रीनं सांगितलं. आईचा चेहरा फुलला. मग तिला एकदम शंका आली.

“पैशे तर घेतले न्हाईस ना त्यांच्याकून?”

“न्हाई.”

“चांगलं केलंस माय. पाहुण्याकून घेत नसतेत.”

भुजंगला लेकीच्या तोंडाकडं पाहूनच कळलं होतं. उंबऱ्याशी बसून तो पार्वतीबाईच्या कोयत्याची मूठ तासायला लागला. थोड्या वेळानं त्यानं राजेश्रीला जवळ बोलावलं, कोयता तिच्या हातात दिला आणि बोटं मुठीला पुरतात का ते वाकून पाहिलं.

“आजून जराशी बारीक करतो,” तो म्हणाला.