अननसाच्या जागी भोपळा

जग बंद पडलं तेव्हा आम्हाला वाटलं, लाइट गेलीय. दोन दिवस वाट पाहिली. मग मेणबत्त्या संपल्या, मग पेट्रोल, मग बाहेरून येणाऱ्या बातम्या. याला आता एकोणीस वर्षं झाली. त्याबद्दल रडायचं तेवढं रडून झालंय, म्हणून इथे पुन्हा रडत नाही. सांगायचं आहे ते अननसाच्या डब्याचं. पण त्याआधी पुस्तकांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

पहिल्या हिवाळ्यात आम्ही सगळे सिनेमा थिएटरात राहायला आलो, कारण न गळणारं छप्पर तेवढंच उरलं होतं. समोर वाचनालय होतं आणि थंडी मरणाची होती. आम्ही वाचनालय जाळायला घेतलं. आधी कायदा जाळला, तो छान पेटला. मग शेती, वैद्यक, इतिहास. शेवटी सिनेमावरच्या पुस्तकांचं एक कपाट राहिलं. ती पुस्तकं जाड, गुळगुळीत कागदाची. पेटेनात, नुसता धूर सोडायची. सगळी वस्ती खोकून बेजार झाली, तेव्हा आज ज्यांना आम्ही पाटीवाल्या बाई म्हणतो त्या म्हणाल्या, "राहू द्या. देवाच्या मनात नाहीये." अशी एक्केचाळीस पुस्तकं वाचली. शेती कशी करावी हे आज इथे कुठेच लिहिलेलं सापडत नाही, पण कडक उन्हात पावसाचा देखावा कसा उभा करायचा हे पोराटोरांनाही पाठ आहे.

कायदा जाळून बसल्यावर भांडणं मिटवायची कशी, हा प्रश्न पहिल्याच महिन्यात आला. उत्तर अकरा नंबरच्या पुस्तकात निघालं. त्यात लिहिलं होतं की प्रसंग बिघडला तर 'कट' म्हणावं, सगळ्यांनी आपापल्या जागी परत जावं आणि तो पुन्हा करावा. आम्ही त्या पानाकडे बघतच राहिलो. इतकी साधी गोष्ट इतक्या वर्षांत माणसाला सुचली नव्हती, आणि सिनेमावाल्यांनी ती स्वतःपुरती ठेवली होती.

तेव्हापासून वस्तीत रिटेक आहे. कोणी कोणाला जिव्हारी लागेल असं बोललं, तर बोलणाऱ्याने रिटेक मागायचा आणि ऐकणाऱ्याने हो म्हणायचं. मग तीन खेपा मिळतात. मधेच दोघं 'ओके' म्हणाले तर तिथे थांबायचं. नाहीतर तिसऱ्या खेपेला जे होईल ते पक्कं, मग ते कसं का असेना. आधीचं सगळं वाया गेलेलं रीळ. त्याचा उल्लेख कोणी करायचा नाही, विहिरीवरसुद्धा नाही. याचा गुण आला. तिसऱ्या खेपेपर्यंत माणूस दमतो. एका भावाने भावाला घातलेली शिवी मूळची सात शब्दांची होती. ती तिसऱ्या खेपेला 'बस' एवढीच उरली, आणि तो बसला.

प्रत्येक खेपेआधी सिनेमावाल्यांसारखी लाकडी पाटी आपटतात त्या पाटीवाल्या बाई. प्रार्थना त्या आधीपासून गातात. पाटी आपटताना आवाज कसा लावावा हे पुस्तकात दिलेलं नाही, म्हणून त्या जुन्या सवयीने खेपेचा आकडा आळवून म्हणतात. 'खेप दुसरी'तला 'री' त्या असा काही वर नेतात, की निम्मं भांडण तिथेच विरघळतं. गाणाऱ्याच्या गळ्यात देव किती काय काय ठेवतो, हे समोर बसल्याशिवाय कळत नाही.

आणि कंटिन्युइटी बघतात त्या नोंदवाल्या काकू. मूळ प्रसंगात जे जिथे होतं, ते खेपेतही तिथेच हवं, हे पुस्तकात ठळक अक्षरांत आहे. काकूंच्या वहीत सगळं असतं. तुमच्या कोपराला पीठ होतं, तुम्ही डाव्या पायावर उभे होतात, कुत्रं दाराशी होतं. कुत्रं आणून उभं करेपर्यंत त्या पाटी आपटू देत नाहीत.

या सगळ्यापासून लांब राहिलेला एकच माणूस होता, तो म्हणजे ऑपरेटर. थिएटरचं मशीन चालवणारा. मशीन एकोणीस वर्षं बंद आहे, पण तो दर आठवड्याला त्याला तेल देतो. वरच्या मशीनच्या खोलीत तो आणि त्याची मुलगी राहत. त्याने जन्मात रिटेक मागितला नव्हता. म्हणायचा, "मी तीस वर्षं सिनेमे दाखवले. डब्यातून आलं ते रीळ लावलं. एकदा पडद्यावर पडलं ते पडलं. रिटेक-बिटेक मी कधी बघितला नाही." पुस्तकांनाही त्याने हात लावला नव्हता. सिनेमा पुस्तकात नसतो, असं त्याचं म्हणणं.

मुलगी पंचविशीची. मोडक्या घरांतून तांब्याची तार गोळा करायची, म्हणून तिला सगळे तारवाली म्हणत. यंदा मीठवाला आला त्याने सांगितलं, की किनाऱ्यावरच्या वस्तीत डायनॅमो फिरतोय आणि एक बल्ब लागतो. दिवसातून तासभर, पण लागतो. तारवालीने तिथे शिकायला जायचं ठरवलं. मीठवाल्याच्या गाडीबरोबर जायचं, शिकून झालं की यायचं. कधी, ते तिला माहीत नव्हतं. मीठवाला वर्षातून एकदा येतो, कधीकधी तेही नाही.

तिच्या निरोपासाठी कोठारवाल्या दादाने जुन्या जगातला शेवटचा डबा काढला. अननसाचा. गोल चकत्या, पाकातल्या. वस्ती दीडशे माणसांची आणि चकत्या आठ, म्हणून असं ठरलं की बापलेकीने खायच्या आणि बाकीच्यांनी बघायच्या. तिकिटाच्या खिडकीसमोर टेबल मांडलं. आम्ही सगळे भोवती उभे. त्या दोघांनी पहिली चकती खाल्ली तेव्हा दीडशे माणसांनी गिळल्याचा आवाज झाला.

दुसरी चकती चमच्यावर घेऊन तारवाली म्हणाली, "बाबा, मी शिकून आले की तुमचं मशीन चालेल."

"मशीनसाठी मी तुला सांगितलं होतं का?"

"सांगायला कशाला हवं?"

ऑपरेटरने चमचा खाली ठेवला नाही. चमच्याकडे बघतच तो म्हणाला, "तुझी आई पण औषध घेऊन येते म्हणाली होती. तू गेलीस तर येऊ नकोस. दार उघडणार नाही मी."

तारवालीने चमचा बशीत ठेवला आणि ती उठून गेली. उरलेल्या चकत्यांकडे कोणाचं लक्ष नव्हतं. म्हणजे कोठारवाल्या दादाचं होतं, हे नंतर कळलं.

गर्दीतून कोणीतरी हळूच म्हणालं, "दार उघडणार नाही म्हणजे काय? त्याचं दार तर बंदच होत नाही." खरं होतं. मशीनच्या खोलीचं दार वरच्या बिजागरीतून निखळून कधीचं लटकत होतं. बारीक खिळे मिळाले की बसवते, असं तारवाली सहा महिने म्हणत होती, आणि बारीक खिळे काही मिळत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी निघणार होती. निघणार म्हणजे थिएटरसमोरच्या खांबाची सावली तिकिटाच्या खिडकीला टेकली की. सकाळी ऑपरेटर खाली आला. डोळे सुजलेले. पाटीवाल्या बाईंसमोर उभा राहून म्हणाला, "ते तुमचं असतं ना, ते मला पाहिजे."

"काय असतं?"

"मला म्हणायला लावू नका."

बाईंना हसू आलं असणार, पण त्यांनी दाखवलं नाही. त्यांनी तारवालीला बोलावलं. ती गाडीत तारेचं भेंडोळं बांधत होती. म्हणाली, "बाबा, एकदा पडलं ते पडलं ना?"

"पडलं. पण चुकीचं रीळ लागलं होतं."

ती बराच वेळ गाठ मारत बसली. मग म्हणाली, "सावली खिडकीला टेकेपर्यंत. त्यानंतर मी नाही थांबायची."

टेबल मांडलं, माणसं आली. नोंदवाल्या काकूंनी वही उघडली आणि विचारलं, "अननस कुठे आहे?"

सगळ्यांनी कोठारवाल्या दादाकडे बघितलं.

"वाया गेला असता," तो म्हणाला.

"सहा चकत्या?"

"चारच. दोन मुंग्यांनी खाल्ल्या."

"अननस नाही तर रिटेक नाही," काकू म्हणाल्या. "मी काही दुष्टपणाने नाही सांगत. आज अननस सोडला, तर उद्या लोक म्हणतील कुत्रं सोडा, परवा म्हणतील भांडणच सोडा."

हे सगळ्यांना पटलं, हीच पंचाईत. एकोणीस वर्षांची शिस्त एका माणसासाठी मोडायची कशी? सावली अजून दोन हात लांब होती. ऑपरेटर उठून वाचनालयात गेला. तो त्या दारातून आत शिरला, हे आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. बराच वेळ तो बाहेर आला नाही. आला तेव्हा त्याच्या हातात सतरा नंबरचं पुस्तक होतं आणि बोट एका पानात.

"वाचा," तो काकूंना म्हणाला.

काकूंनी मोठ्याने वाचलं. दिव्यांच्या झळीत आइस्क्रीम टिकत नाही, म्हणून कॅमेऱ्यासमोर त्याच्या जागी उकडलेल्या बटाट्याचा गोळा ठेवतात. खाणाऱ्याने तो आइस्क्रीम समजून खायचा असतो.

"हे पुस्तकातच आहे," ऑपरेटर म्हणाला. "म्हणजे हे लोक तीस वर्षं मला बटाटे दाखवत होते." हे त्याला मनापासून लागलेलं दिसत होतं. पण वेळ नव्हता. तो स्वयंपाकघरात गेला, लाल भोपळा घेतला, स्वतः सोलला, चकत्या कापल्या, प्रत्येकीला मधे भोक पाडलं आणि उकडून आणल्या. काकूंनी त्या मोजल्या, एक भोक जरा मोठं करायला लावलं आणि मान हलवली.

"खेऽप पहिलीऽ," बाईंनी आळवलं आणि पाटी आपटली.

पहिली चकती तोंडात गेली आणि ऑपरेटरचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं झालं.

"कट," काकू म्हणाल्या. "काल चेहरा गोड होता."

"भोपळा अळणी आहे."

"अननस समजा."

"मी खोटं कधी केलं नाही हो."

"काका, हा सिनेमा आहे," मागून कोणीतरी म्हणालं, आणि तारवालीसकट सगळे हसले. ती खेप वाया गेली.

दुसऱ्या खेपेला चेहरा जमला. त्याने डोळे मिटून इतक्या गोड तोंडाने भोपळा खाल्ला की आम्ही पुन्हा गिळलं. तारवाली म्हणाली, "मी शिकून आले की तुमचं मशीन चालेल." ऑपरेटरने चमच्याकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि कालचंच वाक्य जसंच्या तसं बाहेर पडलं. येऊ नकोस. दार उघडणार नाही मी. रात्रभर तेच घोळवून घोळवून जिभेला त्याचीच सवय झाली असावी. बोलून झाल्यावर तो स्वतःच दचकला आणि मुलीकडे बघू लागला. कोणी हसलं नाही. तारवालीने चमचा बशीत ठेवला. काल ठेवला होता तसाच, आवाज न करता.

सावली खिडकीच्या चौकटीपासून वीतभरच लांब उरली होती. मीठवाल्याने बैल जुंपले.

पाटीवाल्या बाईंनी पाटी उचलली, पण लगेच आपटली नाही. आधी डोळे मिटले. मग 'खेऽप तिसरीऽ' अशी लावली की शेवटचा सूर थिएटरच्या वरच्या छज्ज्याला जाऊन टेकला आणि सावकाश खाली आला. तेवढ्या वेळात माणसाला श्वास घेता येतो. बहुतेक तेवढ्यासाठीच त्या गात असाव्यात.

पहिली चकती दोघांनी खाल्ली. दुसरी चमच्यावर घेतली.

"बाबा, मी शिकून आले की तुमचं मशीन चालेल."

ऑपरेटरने चकती तोंडात घातली. काल ती चमच्यावरच राहिली होती, पण काकू काही बोलल्या नाहीत. तो चावत राहिला. भोपळ्याला इतकं चावावं लागत नाही. मग त्याने गिळलं आणि म्हणाला, "येताना बारीक खिळे आण. दार लटकलंय."

तारवालीने विचारलं, "किती आणू?"

"मूठभर. वाकडे आणू नकोस."

"वाकडे कशाला आणेन?"

"मागच्या वेळी आणले होतेस."

"ते तुम्ही ठोकताना वाकवले, बाबा."

"बरं," ऑपरेटर म्हणाला. "ओके."

"ओके," ती म्हणाली, आणि तिच्या बशीतली चकती तिने उभ्या उभ्या संपवली. सावली खिडकीला टेकली. मीठवाल्याने हाक मारली नाही. त्याला काहीतरी बांधायचं राहिलं होतं म्हणे.

मूळ प्रसंगात ऑपरेटरचा चमचा उजव्या हातात होता. तिसऱ्या खेपेला तो डाव्या हातात होता, कारण उजव्या हाताने त्याने टेबलाखाली स्वतःचा गुडघा घट्ट धरून ठेवला होता. हे आम्ही सगळ्यांनी बघितलं. काकूंनीही बघितलं. वही आजही कपाटात आहे. तिथे त्यांच्या स्वच्छ अक्षरात 'उजवा' लिहिलंय. एकोणीस वर्षांत त्यांच्या वहीतली तेवढी एकच चूक. ती दाखवायला त्यांच्याकडे कोणी गेलं नाही.

पुढच्या महिन्यात कोठारवाल्या दादाला अडगळीत डबीभर बारीक खिळे सापडले. चकत्यांची बोच असेल, तो ती डबी घेऊन स्वतः वर गेला. ऑपरेटरने खिळे बघितले, सरळ आहेत का ते बोटाने तपासलं आणि डबी परत केली.

"खिळे यायचे आहेत माझे," तो म्हणाला.

वारा असला की वरचं दार आपटत राहतं. प्रार्थनेच्या वेळी जरा त्रास होतो, पण पाटीवाल्या बाई त्याच ठेक्यावर गातात.