शेवटच्या वीतभरातला गाळ

मित्रांनो, मी एक जुना सीटबेल्ट, ड्रायव्हरशेजारच्या सीटचा. आता तर कुठल्याच गाडीचा नाही. ऐकायचं तर ऐका, नाहीतर मी आपला पडून राहतो.

कारखान्यात मला घट्ट विणलं, हिसके देऊन पारखलं आणि दारामागच्या खांबात गुंडाळून बसवलं. पहिल्या मालकीणबाई शिक्षिका होत्या. "आधी बेल्ट, मग गप्पा," असा त्यांचा दंडक. एकदा पुढचा ट्रक अचानक थांबला, तेव्हा त्यांच्या म्हाताऱ्या आईला मी सीटवर धरून ठेवलं. "वाचवलंस रे बाबा," म्हणत आजींनी माझ्यावरून हात फिरवला. उभ्या आयुष्यात माझं कौतुक झालं ते तेवढंच.

मग पूर आला. गाडी तळघरात उभी होती. पाणी सीटच्या वर चढलं आणि उतरायचं नाव घेईना. माझी गुंडाळी खांबाच्या तळाशी. वेढ्यावेढ्यात गाळ शिरला. गाडी मोडीत निघायची होती, पण जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याने ती उचलली. सीट धुतल्या, नवे गालिचे घातले, आरशाला सुगंधी डबी टांगली. आत वायरी गंजत होत्या. वरून कीर्तन, आतून तमाशा! मला मात्र त्याने हातभर ओढून पुसलं आणि सोडून दिलं. बेल्ट शेवटपर्यंत ओढतो कोण?

गिऱ्हाइकं येत, हॉर्न वाजवत, टायरला लाथ मारत. तोंड नसलेल्याने खोटेपणा पोटात घेऊन बसायचं, याचा मला वीट आला होता.

एक दिवस एक तरुण बाई आली. तिच्या वडिलांना दिवसाआड डायलिसिसला न्यावं लागे.

"वाटेत बंद पडायला नको, बाकी काही नाही," ती म्हणाली.

"ताई, डोळे झाकून घ्या," व्यापारी म्हणाला.

तिला गाडी पसंत पडली. माझा जीव नुसता तुटत होता. तेवढ्यात तिचे मामा चक्कर मारायला म्हणून माझ्या सीटवर बसले. मामा म्हणजे आधी पोट, मागून मामा.

"मामा, बेल्ट लावा."

"अगं, पुरायला हवा ना मला!"

"पुरेल हो. आणखी एक मामा मावतील त्यात."

मामा ओढत गेले, मी सुटत गेलो. इतका मी कधीच बाहेर आलो नव्हतो. शेवटची वीत आली ती वाळक्या गाळासकट, आणि मामांच्या पांढऱ्या शर्टावर मातीचा पट्टा उमटला.

मामांनी ती माती बोटांवर चोळली, हुंगली. "ही धूळ नाही. ही गाडी पाण्यात बुडालेली आहे."

"अहो काका, काच उघडी राहिली असेल पावसात."

"आणि काचेतून गाळ आला होय?"

भाचीचा चेहरा उतरला. "बाबांना घेऊन भर रस्त्यात अडकले असते मी," ती हळूच म्हणाली.

"चल. आणि माझ्या पोटाला यापुढे कोणी नावं ठेवायची नाहीत," मामा म्हणाले. ती दोघं निघून गेली. किती हलकं वाटलं मला!

पण व्यापारी काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याच संध्याकाळी त्याने पान्याने मला उपटलं, भिंतीपलीकडच्या भंगारात भिरकावलं आणि माझ्या जागी कोरा बेल्ट बसवला.

काल गाडी गेली. भिंतीच्या फटीतून मला दिसलं. नवरा, बायको आणि तिच्या कडेवर बाळ. नवऱ्याने बेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढून पाहिला. कुणीतरी शिकवून पाठवलं असावं बिचाऱ्याला.

"बघ, किती स्वच्छ!" तो बायकोला म्हणाला.

मित्रांनो, जुनी गाडी घ्याल तेव्हा बेल्ट पूर्ण ओढा, गालिचा उचलून खाली बघा. आणि जुन्या गाडीत बेल्ट एकटाच कोरा दिसला, तर आधीचा कुठे गेला ते विचारा. मी इथेच आहे, भिंतीपलीकडे.