मराठी प्रत

"रहिमान, सही कर आणि सोमवारपासून ये कामावर," असं म्हणत मॅनेजर दौलतरावांनी माफीनामा पुढे सरकवला.

चाकणच्या आमच्या कारखान्यात रहिमानभाई एकोणीस वर्षं पत्रा दाबायची प्रेस चालवत होते. हात आत असला की प्रेस थांबवणारा सेन्सर असतो. माल भराभर निघावा म्हणून मॅनेजरसाहेबांनी वायर जोडून तो निकामी करवला. गेल्या महिन्यात त्याच प्रेसमध्ये हेल्पर विक्कीची दोन बोटं गेली, तरी वायर तशीच. शेवटी रहिमानभाईंनी ती कापली. प्रेस तीन तास बंद राहिली आणि इंग्रजीत आरोपपत्र निघालं: सॅबोटाज. विक्कीच्या बोटांसाठी मात्र कुणाला साधा मेमोही मिळाला नव्हता.

ऑफिसातलं टायपिंग माझ्याकडे, म्हणून आरोपपत्राची मराठी प्रत मी केली. शब्दकोशात 'घातपात' सापडला, तो प्रतीत आणि मग माफीनाम्यातही टाइप करून मी मोकळी झाले.

रहिमानभाईंनी खिशातून तीच प्रत काढली. त्या शब्दाखाली पेन्सिलीची रेघ होती.

"स्वरूपा मॅडम, माझी माहेनूर आठवीत हाय. तिनं वाचून दाखवलं. म्हणाली, अब्बा, हे तर बातम्यांत बॉम्बवाल्यांबद्दल म्हणतात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि राग आधी माझाच आला. फ्रेंचच्या दोन परीक्षा दिल्या होत्या मी.

"सर, हा शब्द मुळात फ्रेंच आहे," मी म्हणाले. "साबो म्हणजे लाकडी जोडा. त्यावरून खडखडत चालणं, मग काम बिघडवणं, मग मालकाशी भांडताना काम अडवणं. इंग्रजीत त्यात युद्धातल्या शत्रूची कारवाईही आली. मराठीत मी तर कहरच केला. 'कामात अडथळा' लिहू या."

"शब्दकोशात आहे ना? मग राहू दे. एका शब्दासाठी नोकरी घालवतो का कुणी?"

"वायर कापली, हे लिहून देतो," रहिमानभाई म्हणाले. "का कापली, तेबी लिहितो. पण ह्या शब्दाखाली माझं नाव न्हाई लागणार."

दौलतरावांनी फाइलमधून दुसरा कागद काढला. बडतर्फीचा. तोही कालच माझ्याकडून टाइप करून घेतला होता.

रहिमानभाई बाकावर बसले. कंपनीच्या सेफ्टी शूजच्या नाड्या सोडल्या, फडक्याने शूज पुसले आणि माझ्या टेबलावर नीट जोडीने ठेवले. मग पिशवीतून चपला काढून पायात घातल्या. म्हणजे ते घरूनच ठरवून आले होते.

शूज जमा झाल्याची सही मी केली.