डॉक्टरांच्या कानामागे

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी डॉक्टर सलूनमध्ये यायचे. अठरा वर्षं, एकही खाडा नाही. सलूनवाल्याच्या दोन्ही मुलींचे ताप त्यांनीच उतरवले होते, सासऱ्याचा दमा आटोक्यात आणला होता. त्या गल्लीत डॉक्टरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यामुळे त्यांच्या उजव्या कानामागे, केसांत, मसुरीएवढा डाग पहिल्यांदा दिसला तेव्हा सलूनवाल्याने लगेच सांगितलं आणि डॉक्टरांनी बोटाने चाचपून निकाल दिला.

"चामखीळ आहे रे. आमच्या वडिलांनाही होती. नव्वदीपर्यंत जगले."

आता माणूस कितीही मोठा डॉक्टर असला तरी त्याला स्वतःच्या कानामागचं कसं दिसणार? दिसत होतं ते सलूनवाल्याला. मसुरीचा वाटाणा झाला, कडा वेड्यावाकड्या पसरल्या, तपकिरी रंग काळानिळा झाला. पण एवढा शिकलेला माणूस चामखीळ म्हणतो, तिथे कात्री चालवणाऱ्याने काय शहाणपण शिकवायचं? असं म्हणत त्याने डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं.

मग एका रविवारी कंगव्याचा दात तिथे अडकला आणि रक्त आलं. इतक्या वर्षांत त्याने डॉक्टरांना साधा ओरखडा काढला नव्हता. त्याने घाईघाईने तुरटी दाबली.

"झोंबलं काहीतरी," पेपरातून डोकं न काढता डॉक्टर म्हणाले.

"पाणी गार आहे, साहेब."

"बरं, ती चामखीळ कशी आहे? वाढली, रंग बदलला, रक्त आलं, तर सांग हं. मग ती चामखीळ नव्हे."

तिन्ही गोष्टी झाल्या होत्या. टॉवेलवरचा लाल ठिपका त्याने मुठीत धरला होता. सांगावं, तर आधी आपला हात घसरल्याचं कबूल करावं लागणार.

"होती तशीच आहे," तो म्हणाला. शेवटी मागचे केस दाखवायला आरसा धरला, तोही डाव्या बाजूने. भ्याड माणसाला अशा वेळी बरोबर सुचतं.

पुढे वर्षभर तो तेच सांगत राहिला. एकदा बायकोकडे मन मोकळं केलं, तर ती म्हणाली, "अहो, ते तुमच्यावर विसंबलेत आणि तुम्ही त्यांच्यावर. मग बघतंय कोण?" त्याला तिचा राग आला, कारण ते खरं होतं.

मग दोन महिने डॉक्टर आलेच नाहीत. मग त्यांच्या घरून निरोप आला: ऑपरेशन आहे, उजव्या बाजूचे केस काढायचेत, सामान घेऊन या. तो गेला तेव्हा डॉक्टर खुर्चीत बसले होते, वाळून अर्धे झालेले. मानेत गाठी आल्या होत्या. शेजारी त्यांच्या पत्नी, वहिनी, हॉस्पिटलचा फॉर्म भरत होत्या.

"कधीपासून बदलली, असं विचारलंय," डॉक्टर म्हणाले. "मी सांगितलं, गेले दोन महिने. त्याआधी तशीच होती, आमचा माणूस दर महिन्याला बघतो. बरोबर ना?"

सलूनवाल्याने बाहेर काढलेली कात्री परत पिशवीत ठेवली.

"वर्षाच्या वर झालं, साहेब. रक्तही आलं होतं. मी खोटं बोललो."

वहिनींनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही निघा," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी पेन उचलून परत वहिनींच्या हातात दिलं. मग म्हणाले, "राहू दे त्याला. फॉर्मवर एक वर्ष लिही." आणि सलूनवाल्याकडे न बघता त्यांनी मान पुढे केली.

"जपून कर. आता दुखतं तिथे."