दराबा आणि शीतलचे दोन हात

आमची नात शीतल चौथीत आहे, अन् तिचं बूड काही बाकावर टिकत नाही. हे मी नाही म्हणत, तिची वैजयंती मॅडम म्हणते. परवा तर म्हणाली, "माताजी, ये पाँच मिनट नहीं बैठती. कॉम्पिटिशन में दूसरी लड़की को लेती हूँ."

शीतलचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं, "हिचंच नाव लिहा. उठली तर वर्षभर मी शाळेत तोंड उघडणार नाही."

सून रंजिता कुजबुजली, "आई, ते तुम्हाला जमायचं नाही."

स्पर्धा विस्तवाशिवाय पदार्थ करायची. मोठ्यांनी हात लावला की मूल बाद. बाकीच्यांनी ब्रेड-काकडी आणली. आम्ही बुऱ्हाणपूरची माणसं, आम्ही आमची रव्याची मिठाई, दराबा करणार! रवा घरून भाजून, दळून नेला. तिथं तूप-साखर घालून परातीत तळहातानं फेटायचं, हलका होईपर्यंत. नाही तर नुसता गोड चिखल.

शीतल बसली. दहा मिनिटं, वीस मिनिटं! ब्रेडवाली पोरं आवरून मैदानात पळाली. खिडकीतून त्यांच्यातला गोटू ओरडला, "शीतल, आ ना, पकड़म-पकड़ाई!" तिनं मान वर केली. पण मान पुन्हा खाली गेली.

वाटीतल्या पाण्यात तिनं चिमूटभर टाकून पाहिलं. बुडालं. म्हणजे अजून कच्चं. माझा हात आपोआप परातीकडे गेला.

"आजी, हात मागे!"

उभ्या जन्मात मला असं कुणी दटावलं नव्हतं, अन् बाई, काय आनंद झाला म्हणून सांगू! रंजितानं माझा पदर गच्च धरला. पोरगी उजवा हात दुखला की डावा, डावा दुखला की उजवा. नाकावर तूप, कपाळावर रवा.

पुन्हा चिमूट टाकली. तरंगली! मी अशी ओरडले की शेजारच्या वर्गातले वामन सर धावत आले.

पहिला नंबर ब्रेडच्या आगगाडीला दिला. द्या बापडे, ब्रेडची गाडी कुणी पाहिली नसेल. पण मॅडमनं दराबा चाखला, पुन्हा चाखला, अन् घड्याळ पाहून म्हणाली, "शीतल, तू पौन घंटा बैठी रही?"

"बैठी कहाँ मॅडम," शीतल हात चाटत म्हणाली, "मैं तो फेंट रही थी."