भिंतीची साक्ष

"मालतीऽऽबाई!" गावात मुक्कामाला आलेल्या महाराजांनी मंचावरून हाक मारली. भिंत गप्प.

"अंजनाऽऽबाई!" भिंत गप्पच.

"इंदिराऽऽबाई!"

आणि भिंत बोलली. खोल, घुमता, छातीत थरथरणारा हुंकार. दाटीवाटीनं बसलेलं सगळं गाव "जय हो!" म्हणत उठलं.

"भक्तहो, हे गाण्याचं सभागृह नाई, हे देवाचं कोर्ट आहे! पापिणीचं नाव ऐकताच सात सुरांचा देव गरजते!" महाराज गरजले. देवाला बिचाऱ्याला बोलायला भिंतच काय ती मिळाली होती.

पहिली काठी रामाजींची. आठवड्यापूर्वी त्यांचा नातू तापानं गेला होता. "हिनंच खाल्लं माया पोराले!" तलावात जाळं टाकून पोट भरणारी विधवा इंदिराबाई. तिनं डोकं वाचवायला हात वर केला आणि मनगट कडकन मोडलं. मग लाथा. बायकांनी केस धरून तिला मंचाखाली फरफटत नेलं, फरशीवर रक्ताचा पट्टा उमटला. मी मधे पडलो तर कोपर बसून माझा चष्मा फुटला. ज्यांना मी शाळेत विज्ञान शिकवलं तेच मारत होते. त्याचा राग आजही उतरलेला नाही.

या वास्तूचा दोष एवढाच की ती चांगली बांधली होती. माइक नव्हते त्या काळी आमच्या मालगुजारानं, म्हणजे गावच्या जमीनदारानं, ती गवयांसाठी उभारली. नागपूरकडून ख्याल गाणारे येत, ब्रह्मपुरीपासून माणसं बैलगाड्या जुंपून ऐकायला येत. पुढं भोंगे आले, मैफली थांबल्या आणि इथं छतापर्यंत धानाच्या पोत्यांच्या थप्प्या लागल्या. भिंतीतली गोल भोकं त्यांच्यामागं गेली. या उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी पोती हलवली, तेव्हा भोकं पुन्हा दिसली. लोक म्हणाले, कबुतरांसाठी असतील.

दुरुस्ती पाहायला आलेली माझी पुतणी रंजीता कॉलेजात गाणं शिकवते. ती गर्दीत घुसली आणि इंदिराबाईवर आडवी पडली. एक काठी तिच्या पाठीवर बसली.

"थांबा! मलेबी हाका मारू द्या. भिंतीनं माझं नाव घेतलं तर मलेबी मारा!"

काठ्या थांबल्या. ती उठली, खालचा एक सूर धरला. "रंजीऽऽता!" भिंत घुमली. "रामाऽऽजी!" घुमली. "महाराऽऽज!" सगळ्यात जोरात घुमली.

"देवाची मस्करी करून राह्यली ही!" महाराज किंचाळले.

"मी नाव बदललं, सूर नाई. तुमी नावासंगं सूरबी बदलत होता," रंजीता म्हणाली. "रामाजीभाऊ, त्या भोकात हात घाला."

रामाजींनी घाबरत हात घातला. "मडकं आहे रे आत!"

प्रत्येक भोकामागं तसंच, एकाच मापाचं मडकं चिणलेलं होतं. रिकाम्या मडक्याचा एक ठरलेला सूर असतो. तोच लावला की ते घुमतं, दुसरा लावला की गप्प. गवयाचा आवाज भरीव व्हावा म्हणून केलेली जुनी युक्ती. नाटक मंडळीत पेटी वाजवून आलेल्या महाराजांनी ती बरोबर हेरली होती. आम्ही भोकांत दुपट्टे कोंबले. रंजीतानं पुन्हा तोच सूर लावला. भिंत गप्प.

गर्दी वळली. पहिल्याच फटक्यात महाराजांचं नाक फुटलं.

"बस!" रंजीता ओरडली. "त्यानं सांगतलं म्हणून हिले मारलं, आता मी सांगतलं म्हणून त्याले मारता? तुमचं डोकं कुठी आहे?"

लोकांनी काठ्या खाली टाकल्या. फोन करून बोलावलेल्या पोलिसांनी महाराजांना नेलं.

"मंग माझा नातू कायनं गेला?" रामाजींनी मला विचारलं.

"मलेरियानं. दवाखान्यानं सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"गोळ्या देल्या होत्या. महाराजानं बंद करायले लावल्या. अंगारा देल्ला."

दवाखान्यात न्यायला जीपमध्ये घालताना इंदिराबाईनं सुजलेले डोळे उघडले. "मी म्हटलं होतं ना भाऊ तुमाले," ती पुटपुटली, "अंगारा फेका, पोराले गोळ्या द्या."

म्हणून तिचं नाव निघालं होतं. साऱ्या गावात खरं बोललेली तेवढी एकच बाई, आणि तिलाच आम्ही जिवानिशी मारायला निघालो होतो. बाबांनो, ताप आला तर रक्त तपासा, औषध पुरं करा. आणि कुणी कुणाकडं बोट दाखवलं, तर काठी उचलण्याआधी विचारा: कशावरून?

रामाजी जीपच्या मागच्या दांडीला धरून उभे होते. त्यांना हात सोडवेना.